इंजिनकाम झालं, आता पुढे?

या अंकात फक्त इंजिन खोलून पुन्हा बांधलेल्या गाड्यांचे प्रश्न घेतले आहेत. वाचकांची नावं न देता गावं दिली आहेत.

प्रश्न (चोपडा) : माझी १३०० सीसीची पेट्रोल गाडी आहे. बोअर करून (सिलिंडर आतून घासून मोठे करून) ०.५० मिलिमीटर ओव्हरसाइजचे पिस्टन आणि रिंगा टाकल्या. मिस्त्री म्हणतात, हजार किलोमीटर चाळीसच्या वर नेऊ नका. मोठा भाऊ म्हणतो, पहिल्या दिवसापासून दामटा. रोज चोपडा-जळगाव ये-जा आहे. कोणाचं ऐकू?

उत्तर : मिस्त्रींची काळजी खरी आहे, पण चाळीसचा हिशेब तुमच्या इंजिनाला मारक ठरेल. रिंगेचा स्वतःचा ताण थोडासाच असतो. तिला बोअरवर, म्हणजे सिलिंडरच्या आतल्या भिंतीवर, दाबून धरण्याचं मुख्य काम जळणाऱ्या वायूचा दाब करतो. हा वायू वरच्या रिंगेच्या मागे खाचेत शिरतो आणि तिला बाहेर रेटतो. होनिंग केल्यावर, म्हणजे बारीक दगडाने घासल्यावर, बोअरमध्ये तिरप्या, एकमेकींना छेदणाऱ्या रेघा उमटतात. त्यांचे उंचवटे रिंग या दाबाखाली घासून सपाट करते आणि रेघांच्या तळाशी तेल टिकून राहतं. असं झालं की रिंग बसली. यातलं बहुतेक काम पहिल्या ५० ते १०० किलोमीटरमध्ये होतं. त्या काळात ॲक्सिलरेटर जेमतेम दाबून गाडी रांगवत नेली, तर पुरेसा दाब तयारच होत नाही. भिंतीवरचं तेल तिथेच करपतं, काचेसारखा थर चढतो आणि रेघा बुजतात. गॅरेजच्या भाषेत बोअर ग्लेझ होतो. मग हेड उतरवून पुन्हा होनिंग करायचं आणि नव्या रिंगा टाकायच्या, दुसरा इलाज नाही.

भावाचं दामटणंही नको. नवीन बेरिंग आणि पिस्टनचा स्कर्ट (रिंगांखालचा भाग) यांना जास्त आरपीएमवरची उष्णता सुरुवातीला सोसत नाही. तेव्हा भार द्या, पण आरपीएम आवरा.

क्रम असा ठेवा. साधं मिनरल ऑइल भरा, गाडीच्या पुस्तकात लिहिलेल्या ग्रेडचं. फिल्टर बसवण्याआधी त्यातही तेल ओता. चारही प्लग काढा, फ्युएल पंपाचा फ्यूज काढा आणि ऑइलचा दिवा विझेपर्यंत दहा-दहा सेकंद स्टार्टर मारा. मध्ये स्टार्टरला थंड होऊ द्या. मग प्लग लावून गाडी चालू करा. आयडलवर सोडून चहाला जाऊ नका. १,५०० ते २,००० आरपीएमवर धरा आणि गळती, दिवा, तापमान यांच्यावर नजर ठेवा. रेडिएटरचा पंखा एकदा लागून बंद झाला की इंजिन थांबवा, पूर्ण थंड होऊ द्या आणि तेल-पाणी पुन्हा बघा.

त्याच दिवशी रस्त्यावर काढा. यावलकडे जाणारा अंकलेश्वर-बऱ्हाणपूर रस्ता पहाटे मोकळा असेल तेव्हा सोयीचा. तिसऱ्या गिअरमध्ये ४० चा वेग घ्या. ॲक्सिलरेटर अर्ध्यापेक्षा थोडा जास्त दाबून ७० पर्यंत न्या. मग पाय पूर्ण उचला, क्लच दाबू नका, गिअरमध्येच गाडी ४० पर्यंत उतरू द्या. असं १०-१२ वेळा, प्रत्येक वेळी मिनिटभराचं अंतर ठेवून. पाय उचलल्यावर सिलिंडरमध्ये व्हॅक्यूम तयार होतो, त्याने तेल वर ओढलं जातं आणि घासलेला बारीक चुरा धुऊन निघतो. म्हणून पाय उचलणं दाबण्याइतकंच महत्त्वाचं आहे.

पहिलं ऑइल आणि फिल्टर १०० किलोमीटरच्या आत बदला. जिवावर येतं, कारण तेल नवंच दिसतं. पण सगळ्यात जास्त लोखंडी चुरा याच तेलात असतो. दुसरी बदली १,००० ला. पहिले ५०० किलोमीटर ३,५०० आरपीएमच्या वर जाऊ नका आणि पाचव्या गिअरमध्ये ४० ने गाडी ओढू नका. जळगाव रोडवर एकाच वेगाने तासभर नेण्यापेक्षा दर चार-पाच मिनिटांनी वेग बदलत राहा.

एक अपवाद. ॲम्बेसेडर, पद्मिनी किंवा जुनी जीप, म्हणजे सपाट टॅपेट आणि पुशरॉडचं इंजिन असेल आणि कॅमशाफ्ट नवीन टाकला असेल, तर पहिल्या स्टार्टलाच २० मिनिटं १,५०० ते २,५०० च्या दरम्यान आरपीएम कमी-जास्त करत ठेवा. आयडलवर कॅमला तेलाचे शिंतोडे पुरेसे मिळत नाहीत आणि त्याचे उंचवटे पहिल्या काही मिनिटांतच खरवडले जातात.

प्रश्न (धुळे) : पूर्ण इंजिनकाम होऊन १,२०० किलोमीटर झाले. मागून निळा धूर येतो. आमच्याकडे जो तो 'गाडी ऑइल खास' (अहिराणीत, गाडी ऑइल खाते) एवढंच सांगतो. का खाते ते कोणी सांगत नाही. मिस्त्री पुन्हा इंजिन उतरवायला सांगतात.

उत्तर : उतरवू नका, आधी धूर केव्हा येतो ते बघा. सकाळी स्टार्ट करताना एक भपका येऊन साफ होत असेल, तर व्हॉल्व्हच्या सीलमधून रात्रभर तेल ठिबकलेलं असतं. मालेगावकडून येताना लळिंग घाट गिअरमध्ये, पाय उचलून उतरा आणि खाली आल्यावर ॲक्सिलरेटर द्या. तेव्हा निळा लोट आला तर संशय सील किंवा व्हॉल्व्ह गाइडवर. हेच उलट दिशेने, घाट चढताना, भाराखाली धूर सतत येत राहिला तर रिंगा.

त्यानंतर कॉम्प्रेशन मोजून घ्या. इंजिन गरम, बॅटरी भरलेली, चारही प्लग बाहेर, पेट्रोल आणि प्लगचा करंट बंद, आणि ॲक्सिलरेटर पूर्ण दाबलेला. हे शेवटचं विसरलं की सगळे आकडे कमी येतात आणि नाहक घबराट होते. प्रत्येक सिलिंडरला गेज लावून पाच-सहा ठोके द्या आणि आकडे लिहून ठेवा. साध्या पेट्रोल इंजिनात ११ ते १३ किलो (दर चौरस सेंटिमीटरला) ठीक. आकड्यापेक्षा फरक महत्त्वाचा आहे. सगळ्यात वरचा आणि सगळ्यात खालचा यांत १०-१५ टक्क्यांहून जास्त अंतर नको. कमी आलेल्या सिलिंडरमध्ये प्लगच्या भोकातून चमचाभर, ५ मिली, इंजिन ऑइल टाका आणि पुन्हा मोजा. आकडा दोनेक किलोने चढला तर गळती रिंगेतून आहे. हलला नाही तर व्हॉल्व्हमधून. शेजारशेजारचे दोन सिलिंडर सारखेच पडलेले असतील तर त्यांच्या मधलं हेड पॅकिंग बघा.

आता तुमच्यासारख्या ताज्या कामात वारंवार दिसणारी गोष्ट. कॉम्प्रेशन चारही ठिकाणी उत्तम, बॅक कॉम्प्रेशन (रिंगांजवळून खाली गळणारा वायू) नाही, आणि तरी ऑइल जळतं. अशा वेळी वरची रिंग निर्दोष असते आणि दोष खालच्या ऑइल रिंगेत असतो. ती कॉम्प्रेशनच्या आकड्यात दिसतच नाही. तीन भागांच्या ऑइल रिंगेत मधल्या जाळीची टोकं एकमेकांसमोर टेकलेली हवीत. बसवताना ती एकमेकांवर चढली की रिंगेचा ताण जातो. दुसरी चूक मधल्या रिंगेची. तिच्यावर 'टॉप' किंवा ठिपका असतो आणि तो वर हवा. उलटी बसली की ती तेल खाली खरवडायचं सोडून वर पंप करते. या दोन्हीला आणखी किलोमीटर चालवून गुण येत नाही.

म्हणून आमचा सल्ला असा. आधी ब्रीदरचा पीसीव्ही व्हॉल्व्ह (इंजिनात खाली साठलेला वायू इनटेकमध्ये सोडणारी झडप) तपासा. तो अडकला तर त्या वाटेनेही तेल इनटेकमध्ये ओढलं जातं आणि तो बदलणं अगदी स्वस्त आहे. मग डिपस्टिकवर वरच्या खुणेपर्यंत तेल भरा, २,००० किलोमीटरपर्यंत चालवा आणि दर ५०० ला किती घातलं ते लिहा. खर्च दर वेळी कमी होत असेल तर रिंगा बसताहेत, गाडीला हात लावू नका. तेवढाच राहिला किंवा वाढला तर मात्र उतरवावंच लागेल, आणि तेव्हा वर सांगितलेल्या दोन चुका स्वतः उभं राहून बघा.

प्रश्न (अमळनेर) : ५०० किलोमीटरला ऑइल बदललं तर तेल उन्हात चमचम करत होतं. बेरिंग गेलं का?

उत्तर : चमक असणारच. पहिल्या फिल्टरमध्ये करडी, बोटाला मलमासारखी लागणारी बारीक धूळ निघते. ती रिंगांची आणि बोअरची. डोळ्यांनी वेगळे मोजता येतील असे पत्रे किंवा सुया निघाल्या तर काळजी करा.

जुना फिल्टर फेकला नसेल तर कापून बघा. हॅकसॉने नको, कारण त्याचाच कीस आत पडतो आणि फसगत होते. पाइप कापायच्या गोल कटरसारखं, चाकाने पत्रा कापणारं अवजार वापरा. आतला घडीचा कागद काढून व्हाइसमध्ये पिळा, पांढऱ्या कापडावर पसरा आणि उन्हात न्या. त्यावरून चुंबक फिरवा. चुंबकाला चिकटतं ते रिंग, बोअर, कॅम किंवा क्रँकचं. न चिकटणारे पांढरट, हलके तुकडे पिस्टनच्या ॲल्युमिनियमचे. तांबूस-पिवळी झाक दिसली तर बेरिंगचा वरचा मऊ थर संपून खालचा थर उघडा पडलाय, किंवा कनेक्टिंग रॉडचं बुश खातंय. तांबूस दिसलं तर गाडी तिथेच उभी करा.

आम्हाला जास्त चिंता बोअर धुण्याची वाटते. होनिंगचा दगड झिजतो आणि त्याचे कण बोअरच्या रेघांत रुतून बसतात. बहुतेक ठिकाणी ब्लॉक डिझेलने किंवा रॉकेलने धुतात. त्याने तेल निघून जातं, दगडाचे कण जागेवरच राहतात. मग पहिल्या स्टार्टपासून हे कण तेलाबरोबर रिंगा, स्कर्ट आणि बेरिंगमध्ये फिरतात. होन केलेल्या ब्लॉकसाठी गरम पाणी, कपड्याची पावडर आणि नायलॉनचा ब्रशच लागतो. ऑइलच्या वाटांचे प्लग काढून त्यांतूनही लांब ब्रश घालायचा. नंतर हवेने वाळवून लगेच तेल लावायचं, कारण ओल्या बोअरला काही मिनिटांत गंज धरतो. शेवटी पांढरं कापड तेलात भिजवून बोअरमधून फिरवायचं. कापडावर करडा डाग येतोय तोवर धुणं संपलेलं नाही. पुढच्या वेळी मिस्त्रींना हा कापडाचा डाग दाखवायला सांगा. चांगला मिस्त्री आनंदाने दाखवेल.

प्रश्न (भुसावळ) : इंजिनकाम करताना मिस्त्रींनी थर्मोस्टॅट काढून टाकला. म्हणाले, आपल्याकडच्या उन्हाळ्यात तो ठेवणं म्हणजे इंजिन गरम करून घेणं. बरोबर आहे का?

उत्तर : नाही, आणि ही समजूत आमच्या भागात फार गाड्यांचं आयुष्य कमी करते, म्हणून सविस्तर लिहितो. थर्मोस्टॅट साधारण ८२ ते ८८ अंशांना उघडायला लागतो. भुसावळ-जळगावला मे महिन्यात पारा ४५ वर गेला तरी थर्मोस्टॅट त्या वेळी पूर्ण उघडा असतो, म्हणजे तो वाटेत नसतोच. तो अडकलेला असेल तरच इंजिन तापवतो. मग तो बदलायचा.

काढून टाकल्यावर डिसेंबरच्या सकाळी काय होतं ते बघा. इंजिन पन्नास-साठ अंशांवरच घुटमळतं. पेट्रोल नीट वाफाळत नाही, बोअरवरचा तेलाचा पापुद्रा धुऊन नेतं आणि चेंबरमध्ये, म्हणजे इंजिनाखालच्या ऑइलच्या भांड्यात, उतरून तेल पातळ करतं. जळण्यातून तयार झालेलं पाणी आणि आम्ल तेलातच राहतं. नव्या रिंगांची झीज अशा थंड चालण्यात झपाट्याने होते. शिवाय अनेक इंजिनांत थर्मोस्टॅट उघडताना मागची बायपासची वाट बंद करतो. तो नसला की काही पाणी रेडिएटरकडे न जाता तसंच इंजिनात फिरतं, आणि उन्हाळ्यात गाडी उलट जास्त तापते.

तपासणी घरी होते. पातेल्यात पाणी, त्यात दोऱ्याने टांगलेला थर्मोस्टॅट आणि थर्मामीटर. त्यावर छापलेल्या अंशाच्या आसपास तो हलायला हवा आणि पाणी उकळेपर्यंत ७-८ मिलिमीटर उघडायला हवा.

खरी कारणं दुसरीकडे शोधा. बोअरवेलच्या जड पाण्याने रेडिएटरच्या नळ्यांत क्षार बसतो. कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर निम्मं-निम्मं भरा. पुढच्या जाळीत धूळ आणि कापसाचं तूस अडकतं. इंजिनाच्या बाजूने पुढे, उलटं पाणी मारून धुवा. रेडिएटरचं झाकण बघा. ०.९ बारचं झाकण नुसत्या पाण्याचाही उत्कलनबिंदू ११८ अंशांच्या आसपास नेतं. त्याचं रबर गेलं की पाणी शंभरालाच उकळतं. इंजिनकामानंतर आत हवा अडकलेली असते, तेव्हा हीटर पूर्ण चालू ठेवून सावकाश पाणी भरा आणि पहिले तीन दिवस सकाळी थंड असताना पातळी बघा.

प्रश्न (चाळीसगाव) : डिझेल पिकअप, इंजिनकामाला २,००० किलोमीटर झाले. कन्नड घाट चढून आल्यावर आयडलला ऑइलचा दिवा लुकलुकतो आणि खालून टकटक येते.

उत्तर : हे पत्र वाचेपर्यंत गाडी चालवत असाल तर थांबवा. आधी डिपस्टिक बघा. तेल वरच्या खुणेच्या वर चढलं असेल आणि त्याला डिझेलचा वास येत असेल, तर गळक्या इंजेक्टरमधून किंवा पंपाच्या सीलमधून डिझेल चेंबरमध्ये उतरतंय. तेल पातळ झालं की दाब पडतो. ते दुरुस्त करून ऑइल-फिल्टर बदला आणि मगच पुढचा विचार करा.

पातळी ठीक असेल तर दिव्याचा स्विच काढून त्या जागी काट्याचं गेज लावा. गरम इंजिनात आयडलला १०-१५ पीएसआय आणि त्यापुढे दर हजार आरपीएमला सुमारे १० पीएसआय मिळायला हवा. गेज बरोबर दाखवत असेल तर फक्त स्विच खराब. कमी असेल तर बेरिंगमधली फट मोठी आहे. ५० मिलिमीटरच्या जर्नलला (क्रँकचा बेरिंगमध्ये फिरणारा गोल भाग) ०.०४ ते ०.०६ मिलिमीटर फट चालते, ०.१० झाली की दाब धरत नाही. क्रँक ०.५० ने ग्राइंड करून बेरिंग ०.२५ चे बसवले, किंवा ग्राइंडिंगमध्ये जर्नल एका टोकाला निमुळता झाला, तर इतक्या लवकर असं होतं. बेरिंगची टोपी उघडून प्लास्टिगेजची (दाबली की पसरणारी मऊ प्लास्टिकची) पट्टी ठेवा, टॉर्क रेंचने आवळा, पुन्हा उघडून पट्टीची रुंदी मोजा. पाच मिनिटांत उत्तर मिळतं.

आवाजाची जागा : भार दिल्यावर खोल, जड ठोका असेल तर मेन बेरिंग (क्रँक ब्लॉकमध्ये जिथे फिरतो तिथलं). पाय उचलताच टकटक वाढत असेल तर बिग एंड (कनेक्टिंग रॉडचं क्रँककडचं बेरिंग). जुन्या मेकॅनिकल पंपाच्या इंजिनात एकेका इंजेक्टरचा नट ढिला करून तो सिलिंडर बंद पाडता येतो. ज्याला आवाज मरतो, बिग एंड त्याचा. कॉमन रेल (सगळ्या इंजेक्टरना एकाच जास्त दाबाच्या पाइपमधून डिझेल देणाऱ्या) इंजिनात हे चुकूनही करू नका. तिथे पाइपमध्ये हजार बारपेक्षा जास्त दाब असतो आणि ती धार कातडी फोडून आत जाते.

प्रश्न (शहादा) : जीपचं वर्षभरापूर्वी काम केलं, शेतरस्त्यावरच चालते. १२,००० किलोमीटरमध्येच बॅक कॉम्प्रेशन मारायला लागली.

उत्तर : धूळ. एअर क्लीनरपासून इंजिनापर्यंतचा रबरी पाइप काढा आणि आत बोट फिरवा. बोटाला कोरडी माती लागली तर फिल्टरच्या कडेने किंवा ढिल्या क्लँपमधून हवा न गाळता आत जातेय. ऑइल-बाथ क्लीनर (हवेतली धूळ तेलात पकडणारा) असेल तर तेलाची खुणेपर्यंतची पातळी आणि तळाचा गाळ दर आठवड्याला बघा. कापूस-मका काढणीच्या दिवसांत रोज.

इंजिन उघडल्यावर धूळ कुठून आली ते झिजेवरून कळतं. हवेतून आली तर सगळ्यात वरची रिंग आणि बोअरचा वरचा भाग जास्त खाल्लेला असतो. तेलातून फिरली तर बेरिंग, स्कर्ट आणि ऑइल रिंग. मोजायला सोपं आहे. रिंग पिस्टनने ढकलून बोअरमध्ये आडवी, सरळ बसवा आणि टोकांमधली फट फीलर गेजने बघा. नवी बसवताना ७५ मिलिमीटरच्या बोअरला ती ०.३० च्या आसपास असते. बोअर व्यासात ०.१० ने झिजला की फट ०.३१ ने वाढते, म्हणजे दुप्पट होते. हीच मोजणी वर आणि खाली, बोअर जिथे घासत नाही तिथे, केली की फरकावरून बोअरची झीज हाती येते. पाइप आणि क्लँप बदलल्याशिवाय नवीन रिंगा टाकू नका, त्याही वर्षभरात जातील.

प्रश्न (रावेर) : केळीची गाडी आहे. काम झाल्यावर भरून कधी न्यावी?

उत्तर : पहिले १०० किलोमीटर रिकामी, ५०० पर्यंत अर्धा माल. त्यानंतर पूर्ण, पण घाटात लवकर खालचा गिअर घ्या.

प्रश्न (साक्री) : सिंथेटिक ऑइल आणि सीएनजी केव्हापासून?

उत्तर : तेलाचा खर्च स्थिरावल्यावर सिंथेटिक, म्हणजे बहुधा २,००० ते ३,००० किलोमीटरनंतर. सीएनजी १,००० पर्यंत नको, पेट्रोलवरच चालवा. गॅसमध्ये व्हॉल्व्हच्या सीटला पेट्रोलचा ओलावा मिळत नाही, ती हळूहळू खचते आणि टॅपेटची फट कमी होते. म्हणून फट हाताने सेट करायचं इंजिन असेल तर १,००० आणि ५,००० ला थंड इंजिनात मोजून घ्या. एक्झॉस्टची आधी.